टपावर

"शिडी धरतेस का जरा?" अँब्रोजने विचारलं, आणि पहिल्या पायरीवर ठेवलेला पाय परत खाली घेतला.

लारिसाने साबणाच्या पाण्याची बादली गवतावर ठेवली आणि शिडीच्या दोन्ही दांड्या पकडल्या. तो चढू लागला. एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा, मग क्षणभर थांबणं. लहान मूल जिना चढतं तसं. मोटरहोमच्या, त्या चाकांवरच्या घराच्या, टपाच्या कडेशी पोचल्यावर त्याने कपाळ पत्र्याला टेकवलं, चष्मा वर सरकवला, आणि मग एकदम, थंड पाण्यात उडी टाकावी तसा, पोटावर घसरत वर गेला.

"बघ रे मायरन," गराजच्या दारात घडीच्या खुर्चीत बसलेले ओरेस्ट म्हणाले, "चष्मेवाला शिखरावर पोचला. झेंडा दे त्याला."

मायरनने बापाकडे बघत बिअरचा डबा उंचावला आणि सलाम ठोकला.

टपाच्या कडेवरून अँब्रोजचं डोकं दिसलं. त्याने जाकीट काढून खाली टाकलं. ऊन बरं होतं. लारिसाने ते बापाच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर टाकलं आणि अर्ध्या शिडीपर्यंत चढून बादली वर दिली. त्याची बोटं तिच्या बोटांवर गरजेपेक्षा थोडी जास्त वेळ राहिली.

"शिडी इथेच राहील ना?" त्याने हळूच विचारलं, आणि हसला. तो हसला म्हणून तीही हसली.

"कुठे जाणार शिडी?" ती म्हणाली.

थँक्सगिव्हिंगचा रविवार होता. पॉप्लरची पानं गळून संपली होती, शेतं नांगरून काळी पडली होती, आणि पहिला बर्फ आता कधीही पडेल असं सगळा मॅनिटोबा प्रांत रोज सकाळी एकमेकांना सांगत होता. लारिसाच्या माहेरी, हलुश्कांच्या अंगणात, दरवर्षी या दिवशी हेच चाले. स्वयंपाकघरात बायका, अंगणात पुरुष, आणि टर्की भाजून होईपर्यंत मोटरहोम हिवाळ्यासाठी बंद करणं. शेडमध्ये कापणीचं यंत्र उभं असे, त्यामुळे गाडी थंडीभर उघड्यावरच राही. दरवर्षी मायरन तिच्या टपावर एक निळी ताडपत्री फेकायचा, दोऱ्यांना जुनी टायरं लटकवायचा आणि हात झटकायचा. गेल्या हिवाळ्यात ती ताडपत्री वाऱ्यावर फडफडत राहिली. टपाचं रबर घासून घासून पातळ झालं, मागच्या झरोक्याभोवतीचं, फट बुजवणारं सीलंट तडकलं, आणि वसंतात दार उघडलं तेव्हा लारिसाच्या आईच्या, स्टेफनियाच्या, पलंगावरचं छत फुगून खाली आलं होतं. आत कुबट वास भरला होता. स्टेफनियाला दमा. उन्हाळाभर तिने त्या गाडीत पाऊल टाकलं नाही. ओरेस्ट म्हणाले, गाड्या गळतातच. मायरन म्हणाला, ताडपत्रीच फालतू निघाली.

"या वर्षी हे काम मी करतो," अँब्रोज सप्टेंबरात म्हणाला होता. ब्रँडन शहरातल्या त्यांच्या घरी, जेवताना, कोणी विचारलं नसताना. चष्म्यांच्या दुकानात तो भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करी, आणि काही करायचं तर तसंच करी. त्याने आतली दमट हवा बाहेर सोडणारी खोळ मागवली. सीलंटच्या नळ्या आणल्या. पन्हळीचे टोकदार कोपरे कापडाला फाडतात म्हणून त्यांच्यावर चढवायला फोमच्या नळ्या मापात कापून ठेवल्या. लारिसा नुसती बघत राहिली. हा माणूस घरातला बल्ब बदलायला स्टुलावर चढत नसे.

का चढत नसे ते तिला एकटीला माहीत होतं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात दिवा मालवल्यावर त्याने सांगितलं होतं. न्यूफाउंडलंडमधल्या त्याच्या गावात, तो शाळकरी असताना, सावत्र बाप त्याला मासळीच्या शेडच्या छपरावर डांबर लावायला घेऊन गेला. काम मनासारखं झालं नाही म्हणून त्याने शिडी काढली आणि निघून गेला. समुद्रावरून धुकं आलं. शाळेतली पोरं खाली जमली तेव्हा वरच्या पोराची पँट ओली झाली होती. छप्पर गळतंय, छप्पर गळतंय, म्हणून पोरं नाचली, आणि गाव सोडेपर्यंत त्याला त्याच्या नावाने कोणी हाक मारली नाही. सगळे 'गळका' म्हणत. एवढं सांगून तो म्हणाला होता, "हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही." लारिसाने अंधारात त्याचं डोकं आपल्या छातीशी घेतलं होतं, आणि आपल्यासारखी भाग्यवान बाई नाही असं तिला त्या क्षणी खरोखर वाटलं होतं.

"लारिसा!" आतून आईची हाक आली. "बटाटे कोण कुस्करणार?"

ती आत गेली.

स्वयंपाकघरात वाफ दाटली होती. मायरनची बायको जोडी ओट्याशी टेकून वाइन पीत होती आणि स्टेफनिया कोबीच्या पानात भात गुंडाळून होलुब्ची रचत होती. सिंकवरच्या खिडकीतून सगळं अंगण दिसे. अँब्रोज टपावर गुडघ्यांवर रांगत होता. गुडघ्यांखाली त्याने प्लायवूडचा तुकडा घेतला होता, म्हणजे रबरावर भार नको. आधी त्याने मऊ झाडूने पानं काढली, मग हातभर जागा धुवायची, फडक्याने कोरडी करायची, तुकडा पुढे सरकवायचा. मागच्या झरोक्याशी तो फार वेळ वाकून होता. तिथलं जुनं सीलंट त्याने खरवडून काढलं आणि नवं लावलं, केकवर क्रीम पसरावं तसं.

"किती निगुतीने करतोय बघ," स्टेफनिया म्हणाली. "माझ्या पलंगावरचीच जागा ती."

"डॅडना आवडत नाहीये ते," जोडी हसून म्हणाली. "चेहरा बघा त्यांचा."

खरंच, ओरेस्ट खुर्चीत पुढे सरकून बसले होते. गुडघे गेल्यापासून ते स्वतः टपावर चढले नव्हते, आणि आता आपल्याच अंगणात, आपल्याच गाडीवर दुसरा कोणी असं काम करताना बघत बसायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. त्यांनी मायरनला जवळ बोलावलं. काहीतरी म्हणाले. मायरनने डबा गवतात ठेवला.

लारिसाचा हात बटाट्यांत थांबला.

मायरनने शिडी अगदी अलगद उचलली, आवाज होऊ न देता, आणि दहा पावलं मागे नेऊन गवतात आडवी टाकली. मग तिच्यावर पाय रोवून उभा राहिला, शिकार केल्यावर फोटो काढतात तसा.

"काय रे, चष्मेवाले!" ओरेस्ट ओरडले. "झालं की नाही तुझं?"

अँब्रोजने मान वळवली. शिडी होती त्या जागेकडे पाहिलं. तो उठून उभा राहू पाहत होता तो परत खाली बसला, दोन्ही तळवे रबरावर टेकवून.

"आता बघा हं," जोडी कुजबुजली.

"शिडी हवी?" मायरन खालून म्हणाला. "मग नीट माग की! काय रे गळक्या? आज काय गळतंय वर?"

खिडकी बंद होती तरी शब्द न् शब्द आत आला.

अँब्रोजने मायरनकडे पाहिलं नाही. ओरेस्टकडेही नाही. त्याने सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं.

त्याच वर्षी जुलैत, तळ्याकाठी मायरनच्या केबिनवर, शेकोटीभोवती ते तिघं बसले होते. अँब्रोज लवकर झोपायला गेला होता. जोडीने मायरनच्या घोरण्याची नक्कल केली, मायरनने जोडीच्या आईची केली, आणि मग दोघांनी लारिसाकडे पाहिलं. हलुश्कांच्या घरात लहानपणापासून असंच होतं. कोणीतरी हसण्याचा विषय असायचाच. तो आपण नसलो म्हणजे मिळवली. आणि लारिसा बहुतेक वेळा असायची. तिच्या पहिल्या लग्नावर ते वर्षानुवर्षं हसले होते. त्या रात्री तिने तोंड उघडलं आणि गोष्ट आपोआप बाहेर आली. तिने धुकं सांगितलं, पोरांचं नाचणं हातवारे करून दाखवलं. मायरन हसता हसता ठसका लागून वाकला. भावाला असं हसवणं तिला आयुष्यात पहिल्यांदा जमलं होतं. सकाळी तिला वाटलं होतं, प्यालेले होते, विसरले असतील.

"अगं, हेच ना ते?" जोडीने तिला कोपर मारलं. "गळका! अय्यो, मायरनला बरं आठवलं!" आणि ती हसत सुटली. स्टेफनियाला काहीच माहीत नव्हतं, तीही जोडीचं बघून हसली.

आणि लारिसा हसली.

तिला हसायचं नव्हतं. पण चेहरा तिचा नव्हता जणू; आजूबाजूला हसू फुटलं की या घरात तो पूर्वीपासून जसा उलगडायचा तसा उलगडला. टपावरून अँब्रोज बघत होता. काचेच्या आत तीन बायका हसताना त्याला दिसल्या असणार, आणि मधली ती होती.

तो वळला आणि त्याने फडकं उचललं.

लारिसा हात पुसत बाहेर आली. ऊन गेलं होतं. पश्चिमेकडून ढगाची एक राखी कड वर चढली होती आणि वाऱ्याला एकदम धार आली होती. टपावर अँब्रोज नुसत्या शर्टात होता. शर्ट पाठीवर फुगत होता.

"डॅड, पुरे झालं आता," ती म्हणाली.

"अगं, गंमत चाललीय." ओरेस्टनी तिचा हात थोपटला. "मी काय मागतोय? एकदा म्हणायचं, 'ओरेस्ट, प्लीज शिडी लावा.' तोंड झिजतं का? एवढं शिकवत होता मला मघाशी. ताडपत्रीने घासतं म्हणे. चाळीस वर्षं गाड्या ठेवल्यात मी."

"थंडी आहे त्याला."

"थंडी आहे?" मायरनने खुर्चीवरचं अँब्रोजचं जाकीट उचललं आणि स्वतः अंगात घातलं. खांद्याला ते तंग होत होतं. त्याने कॉलर वर केली. "वा! ऊब मस्त आहे. काय रे, गळक्या, परत हवंय?"

शिडी लारिसाच्या पुढ्यात गवतात पडली होती. मायरनचा पाय आता तिच्यावर नव्हता. वाकून उचलायची, गाडीला टेकवायची, एवढंच. ॲल्युमिनियमची हलकी शिडी, मघाशी तिनेच गराजमधून आणली होती. तिने बापाकडे पाहिलं. ओरेस्ट तिच्याकडेच बघत होते, खुशीत, पुढे काय करते या उत्सुकतेने, आणि ती नजर तिला लहानपणापासून ओळखीची होती. आता वाकली तर उरलेली दुपार, जेवणाचं टेबल, ख्रिसमस, सगळीकडे तिचाच विषय.

तिने मान वर केली.

"अँब्रोज," ती म्हणाली, "म्हणून टाक ना एकदा. काय होतंय? विषय संपेल."

मग तो कडेपर्यंत रांगत आला. ओठ निळसर पडले होते. पण भीती म्हणून जी काही तिला मघाशी त्याच्या चेहऱ्यावर दिसली होती ती आता तिथे नव्हती. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे तो जसं पाहत असे, अंतर मोजत, तसं त्याने तिच्याकडे पाहिलं.

"तुझ्या मागे फोमच्या नळ्या पडल्यात," तो म्हणाला. "तेवढ्या वर फेक."

तिने फेकल्या. त्याने त्या झेलल्या, आणि एकेक कोपऱ्यावर चढवून दोरीने बांधू लागला. पन्हळीच्या टोकाशी त्याला ओणवं होऊन हात खाली सोडावे लागत. बोटं आखडली होती. गाठ बसत नव्हती. तो ती सोडून पुन्हा बांधत होता.

"अरे, बोल की काहीतरी!" मायरन ओरडला. "पँट सुकी आहे ना?"

"सुकी आहे," अँब्रोज गाठीवरून नजर न काढता म्हणाला.

त्यानंतर गंमत हळूहळू विझत गेली. मायरनने आणखी दोन-तीनदा हाक मारून पाहिली, पण वरून काही येईना, आणि एकट्याने हसायचं किती. बारीक गारा पडायला लागल्या, साबुदाण्याएवढ्या. स्टेफनियाने दार उघडून टर्की तयार असल्याचं सांगितलं आणि शिडी गवतात बघून ती म्हणाली, "हे काय रे, तुम्ही लोक!" पण तिच्याही आवाजात हसूच होतं.

"लाव रे शिडी," ओरेस्ट म्हणाले. "मजा नाही या माणसात."

मायरनने शिडी लावली, वरच्या टोकाने टपाच्या कडेवर टकटक केलं. "चला महाराज. जेवायला चला."

अँब्रोज आला नाही.

"खोळ वर टाका," तो म्हणाला.

"आता राहू दे ते. जेवून झाल्यावर बघू."

"गारा पडतायत. रबर आता कोरडं आहे. ओलं झालं तर खोळीखाली पाणी राहील." त्याने हात पुढे केला. "टाका वर."

मायरनने बापाकडे पाहिलं. ओरेस्टनी खांदे उडवले. मायरनने ती जड घडी खांद्यावर घेतली आणि शिडी चढून वर ढकलली. अँब्रोजने ती पुढच्या टोकापासून उलगडायला सुरुवात केली. स्वतः मागे मागे रांगत, प्रत्येक वळी तळहाताने सपाट करत. मध्येच वाऱ्याने कापड उचललं तर तो त्याच्यावर आडवा पडून राही, झुळूक जाईपर्यंत. खाली कोणीतरी पट्टे धरून गाडीखालून पलीकडे द्यायला हवे होते. "मायरन, तो डावा पट्टा," तो वरून म्हणे, "ओढू नका, नुसता धरा." आणि मायरन त्याचं जाकीट घालून, गारा झेलत, गवतात गुडघे टेकून पट्टे धरत होता. ओरेस्ट आत निघून गेले. लारिसा तिथेच उभी राहिली. तिला त्याने काहीही करायला सांगितलं नाही.

तो उतरला तेव्हा शिडी धरायला ती पुढे झाली. "नको," तो म्हणाला. "जमेल." आणि पाठ न वळवता, पायरी पायरीने, खाली आला.

जेवणाच्या टेबलावर टर्की कोरडी पडल्याची तक्रार झाली आणि तिचं खापर गमतीने अँब्रोजवर फोडलं गेलं. त्याने माफी मागितली. पहिली पंधरा-वीस मिनिटं त्याचे हात टेबलाखाली मांड्यांमध्ये होते. मग त्याने काटा उचलला.

"मनाला लावून घेतलं नाहीस ना?" ओरेस्टनी व्हिस्की ओतत विचारलं.

"काय?" अँब्रोज म्हणाला. "छे." आणि स्टेफनियाकडे वळून त्याने होलुब्ची आणखी एक मागून घेतली. निघताना त्याने तिला दारात सांगितलं, बर्फ साचला तर मऊ झाडूने लोटायला लावा, फावडं नको. फार साचू देऊ नका. तिने त्याचे दोन्ही गाल धरून पापा घेतला. मायरनने जाकीट परत दिलं.

गाडीत बराच रस्ता नुसते वायपर चालू होते. रायडिंग माउंटनची काळी रांग मागे पडली.

"मी सांगायला नको होतं त्यांना," लारिसा म्हणाली. "मी प्यायले होते. म्हणजे, हे काही कारण नाही. पण ते सगळे हसत होते आणि…"

"हीटर वाढवू का?" अँब्रोजने विचारलं.

"अँब्रोज, बोल ना काहीतरी. शिव्या दे मला."

"कशाला?" त्याने विचारलं, आणि तो खरंच विचारत होता असं तिला वाटलं. मग त्याने हीटर वाढवला.

त्या हिवाळ्यात तक्रार करावी असं त्याच्याकडून काही घडलं नाही. तो तिच्या आधी उठून तिच्या गाडीची काच खरवडून ठेवी. चहा करी. दुकानातल्या गमती सांगे: कोणी बायकोचा चष्मा घालून गाडी चालवत आला, कोणाला सोनेरीच फ्रेम हवी. ख्रिसमसला हलुश्कांकडे गेले तेव्हा मायरनने त्याला मिठी मारली आणि त्यानेही मारली. पण दिवा मालवल्यावर पूर्वी तो बोलायचा. गावचं धुकं, बहीण ड्रुसिला, बोटी, त्याला पडणारी विचित्र स्वप्नं. अर्धवट झोपेत, तुटक, कुठूनही सुरू करून. ते थांबलं. दिवा मालवला की तो "गुड नाइट" म्हणे आणि कुशीवर वळे.

लारिसाने भरून काढायचा प्रयत्न केला. एका रात्री तिने स्वतःच्या लाजेच्या गोष्टी त्याला सांगितल्या, ज्या तिने कधीच कोणाला सांगितल्या नव्हत्या. पहिल्या नवऱ्याच्या, त्याही आधीच्या. तिला रडू आलं. अँब्रोजने सगळं ऐकून घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "हे मी कोणाला सांगणार नाही." तेवढंच. ती छताकडे बघत पडून राहिली.

जानेवारीत जरा पारा चढला, बर्फ वितळला, तेव्हा ओरेस्टचा फोन आला. गाडीत शिरून त्यांनी हाताने चाचपून पाहिलं होतं. "थेंब नाही! तुझ्या आईच्या पलंगावर थेंब नाही गं. मी कॉफीच्या अड्ड्यावर सगळ्यांना सांगितलं, जावई असावा तर असा. पुढच्या वर्षी पण तोच करणार म्हणावं."

तिने निरोप दिला. "बरं झालं," अँब्रोज म्हणाला. "स्टेफनियांना त्रास नको."

फेब्रुवारीच्या शेवटी तो चार-पाच दिवस विनिपेगला जाऊन आला. दुकानात भिंगं कापायचं नवं यंत्र येणार होतं, त्याचं प्रशिक्षण होतं. परत आला तो सर्दी घेऊन. डोळे सुजले होते. तिने सूप केलं. यंत्र कसं आहे विचारलं. "चांगलं आहे," तो म्हणाला. "फार आवाज करत नाही."

मार्चमध्ये एका शनिवारी दुपारी तो अंगणातला रस्ता साफ करत होता आणि घरात फोन वाजला. ड्रुसिला होती. ती सहसा अँब्रोजच्या मोबाइलवरच बोलायची.

"तो उचलत नाहीये, म्हणून म्हटलं इथे करावा," ड्रुसिला म्हणाली. "पण मला तुझ्याशीच बोलायचं होतं खरं तर. आता कशी आहेस गं?"

"मी? मी बरी आहे."

"न्यूमोनियाला कमी समजू नकोस हं. आमच्या शेजारणीला महिनाभर उठवत नव्हतं. आणि वाईट मुळीच वाटून घेऊ नकोस, आम्हाला सगळ्यांना कळत होतं. तशा तापात विमानात कोण बसणार? आणि गेल्या महिन्यात त्या दिवशी इथे हवा अशी होती म्हणून सांगू, चर्चपासून कबरीपर्यंत शवपेटी न्यायला सहा जण पुरेनात. अँब्रोज पुढे होता. आईला न्यायचं म्हणजे…" ड्रुसिलाचा आवाज ओला झाला. "पण शांतपणे गेली. झोपेत गेली."

लारिसाने भिंतीला हात टेकवला. खिडकीबाहेर अँब्रोज फावड्याने बर्फ कापून, चौकोनी ढेपा एकावर एक रचत होता.

"ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

"आई शेवटच्या आठवड्यात तुझी फार चौकशी करत होती. लग्नानंतर तुम्ही आलात तेवढीच भेट, पण तुझ्यावर जीव होता तिचा. म्हणायची, माझ्या पोराला आता मी नसले तरी चालेल, ती जपते त्याला. त्यानेच तसं सांगितलं होतं तिला. फोनवर नेहमी सांगायचा." ड्रुसिलाने नाक शिंकरलं. "बरं, फार बोलायला लावत नाही तुला. ताप उतरला ना पण?"

"हो," लारिसा म्हणाली. "बराच होता. आता उतरलाय."

तिने फोन ठेवला. मागच्या दारात बूट आपटल्याचा आवाज झाला, आणि अँब्रोज थंडीचा लोट घेऊन आत आला. चष्म्यावर वाफ धरली होती. तो काढून शर्टाच्या टोकाने पुसत त्याने विचारलं, "कोणाचा फोन?"

"ड्रुसिलाचा."

त्याचा हात थांबला नाही. एक काच पुसून झाली, मग दुसरी.

"काय म्हणत होती?"

"माझी तब्येत विचारत होती."

"मग?"

"बरी आहे म्हटलं."

अँब्रोजने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे पाहिलं. मग त्याने बूट काढले, चटईवर एकाशेजारी एक ठेवले, आणि केटलीकडे वळला.

"चहा घेणार?" त्याने विचारलं.